बाळा तावडेचं ट्यूनर पेडल

मुलुंड पूर्वेला राहणाऱ्या बाळा तावडेचं कागदोपत्री नाव बाळकृष्ण, पण त्या नावाने त्याला फक्त बँकवाले हाक मारायचे. बाकी सगळ्या जगाचा तो बाळा. पंचेचाळिशी उलटली, कानशिलं पांढरी झाली, तरी बाळाच. एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये रबरी वायसर आणि गॅस्केट बनवणारा छोटा कारखाना होता, तिथे तो डिस्पॅच सांभाळायचा. माल सगळा काळा. काळे वायसर, काळ्या नळ्या आणि दिवस संपेपर्यंत बाळाची बोटंसुद्धा काळी. संध्याकाळी घरी येऊन हातपाय धुतले, चहा घेतला, की मात्र हा माणूस वेगळाच व्हायचा. कपाटाच्या बाजूला भिंतीला टेकून त्याची बेस गिटार उभी असायची, ती मांडीवर घ्यायचा आणि जेवायला हाक येईपर्यंत घरात नसल्यासारखाच असायचा.

खरं म्हणजे बाळा पखवाजाचा माणूस. त्याचे वडील गिरणीत होते आणि चाळीतल्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. तो हात बाळाने उचलला. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावायची, थाप मारून बघायची, किंचित जास्त झाली तर बोटाने खरवडायची, पुन्हा थाप मारायची. हे सगळं तो डोळे मिटून करायचा. आवाज जागेवर बसला की त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान यायचं, ते बघून त्याची बायको दीप्ती म्हणायची, "माझ्या हातची पुरणपोळी खाताना सुद्धा एवढे खूश होत नाही हो तुम्ही."

बेस त्याच्याकडे आली ती केतनमुळे. केतन त्याच सोसायटीतला, बँकेत नोकरी करणारा आणि गिटार वाजवणारा. त्याने चार माणसं जमवून एक बँड काढला होता. हळदी, पूजा, वाढदिवस, सोसायटीचे कार्यक्रम, बोलावतील तिथे जायचे. त्यांचा बेसवाला नोकरीसाठी दुबईला गेला आणि जाताना गिटार केतनकडे ठेवून गेला. केतनने ती उचलून बाळाच्या घरी आणली.

"बाळा, तू पखवाजाचा डावा वाजवतोस ना, तसंच आहे हे. फक्त चार तारा आहेत."

"चार तारा आणि खालचे सूर?"

"खालचेच. वरचं सगळं माझ्याकडे."

बाळाने जाड तार छेडली. तिचा घुमारा त्याच्या मांडीपर्यंत पोचला आणि तिथून पुढे त्याला कोणी काही पटवायची गरजच उरली नाही. वर्षभरात तो बऱ्यापैकी वाजवायला लागला. श्रुतिका, म्हणजे बँडची गायिका, दिवसा एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असायची. ती सगळ्यांना सांगायची, "बाळादादा मागे असले ना, की मी डोळे मिटून गाते."

अडचण एकच होती. घरी शांततेत बाळा कानाने तारा लावायचा आणि त्या अगदी चोख लागायच्या. स्टेजवर ती शांतता कुठून आणायची? इकडे ढोलकीवाला थापा मारून बघतोय, तिकडे साउंडवाला "हॅलो, माईक चेक, हॅलो" करतोय, मधेच यजमानाच्या भाच्याने मोबाईलवरचं गाणं स्पीकरला जोडून दिलंय. असल्या गदारोळात बेसचा खालचा सूर ऐकू येणं शक्यच नाही. मग बाळाने एक युक्ती काढली. गिटारच्या लाकडाला जबडा टेकवायचा आणि तार छेडायची. लाकडातून सूर हाडात यायचा आणि हाडातून कानात. युक्ती झकास होती, पण लांबून बघणाऱ्याला वाटायचं की हा माणूस गिटारला मिठी मारून रडतोय. एका पूजेत एक आजी खरोखरच पाणी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बरं वाटत नाही का रे बाबा?"

केतन हसून हसून बेजार झाला. दुसऱ्याच दिवशी त्याने बाळाला गिटारच्या टोकाला चिमट्यासारखा लावायचा ट्यूनर आणून दिला. तो लाकडाच्या थरथरीवरून सूर ओळखतो. घरी ठीक चालला. स्टेजवर मात्र ढोलकी वाजली की लाकूड त्यानेही थरथरायचं आणि ट्यूनर बिचारा ढोलकीचाच सूर दाखवत बसायचा. शेवटी केतनने स्वतःचं जुनं पेडल दिलं. साबणाच्या वडीएवढा लोखंडी डबा. गिटारची वायर त्यातून पुढे न्यायची. पायाने दाबलं की गिटारचा आवाज बाहेर जायचा बंद होतो आणि डब्यावर तारेच्या सुराचं इंग्रजी अक्षर उमटतं.

"सोप्पं आहे," केतन म्हणाला. "लाल दिसलं म्हणजे तार लागलेली नाही. खुंटी पिळत राहा. हिरवं झालं की थांब. बाहेर भूकंप झाला तरी बघायचं नाही."

घाटकोपरला एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये हळद होती. बाळाने कार्यक्रमाआधी पेडल पायाने दाबलं आणि एकेक तार लावली. अक्षर आधी लुकलुकायचं, मग स्थिर व्हायचं. स्थिर झालं की तो पुढच्या तारेकडे वळायचा. चारही तारा लावून त्याने केतनला अंगठा दाखवला.

पहिल्या गाण्याच्या पहिल्याच ओळीला श्रुतिकाने मागे वळून बघितलं. दुसऱ्या ओळीला कीबोर्डवाल्याने बघितलं. तिसऱ्या ओळीला केतन सरकत सरकत बाळाच्या कानाशी आला.

"बाळा, उतरलायस! केवढा उतरलायस!"

"लावलं ना आत्ताच!"

"हिरवं झालं होतं?"

"झालं होतं रे!"

वाजवता वाजवता बाळालाही कळत होतं की काहीतरी बिघडलंय. हळदीच्या मंडळींना मात्र काही पडलेलं नव्हतं. नवरदेवाच्या आत्या तर बेसच्या बरोब्बर समोर येऊन नाचत होत्या. दोन गाण्यांच्या मधे बाळाने पुन्हा पेडल दाबलं, पुन्हा तारा लावल्या आणि पुन्हा वाट लागली. शेवटी त्याने पेडल काढून बाजूला ठेवलं, लाकडाला जबडा टेकवला आणि कार्यक्रम निभावून नेला.

घरी आल्यावर त्याने ते पेडल कानाशी पडताळून पाहिलं. पेडल म्हणे बरोबर, कान म्हणे चूक. कानावर त्याचा जन्माचा विश्वास. त्याने केतनला फोन केला.

"तुझं पेडल खोटं बोलतं."

"काय सांगतोस! मी इतकी वर्षं त्यावरच लावली गिटार."

"मग तुझ्याशी खरं बोलत असेल. माझ्याशी खोटं बोलतं."

पुढच्याच महिन्यात बाळाच्या गावाच्या मुंबईकर मंडळाचं स्नेहसंमेलन होतं, मुलुंडच्याच एका हॉलमध्ये. गाणी या बँडची. गावचे सगळे येणार, दीप्ती येणार, आणि बाळाची आई, चंपा, तीसुद्धा येणार होती. ती मधल्या दिरांकडे भांडुपला राहायची आणि मुलाला स्टेजवर तिने कधी बघितलंच नव्हतं. तिथे असला गोंधळ बाळाला परवडणार नव्हता. ठरलं. एका रविवारी तो, केतन आणि श्रुतिका अंधेरीला वाद्यांच्या दुकानात नवं पेडल घ्यायला गेले.

दुकान एका मुलीचं होतं. सई तिचं नाव. तिशीच्या आतबाहेरची, केस वर बांधलेले, खिशात स्क्रू ड्रायव्हर. तिने आधी एकही पेडल दाखवलं नाही. स्टूल पुढे केलं आणि विचारायला सुरुवात केली.

"काका, वाजवता कुठे? हॉलमध्ये की उघड्यावर?"

"जिथे बोलावतील तिथे. पार्किंगमध्ये सुद्धा."

"म्हणजे दिवसाउजेडी पण. तर मग दिवे तेजस्वी हवेत, उन्हात मंद दिसता कामा नयेत. वायर किती लांब?"

"लांबच असते. मी मागे उभा असतो, भिंतीला."

"आणि जाड तार लावताना ट्यूनर गोंधळतो का?"

"गोंधळतो म्हणजे?" बाळा म्हणाला. "ताई, तो मला गोंधळवतो."

सई हसली आणि तिने काचेवर चार पेडलं मांडली. एक अगदी छोटं होतं. एकावर घड्याळाच्या काट्यासारखा काटा सरकायचा. एकावर सगळ्या तारा एकदम छेडल्या तरी कुठली उतरलीय ते दिसायचं. ते बघून केतनचे डोळे चमकले. चौथं जरा ओबडधोबड, दिव्यांची आडवी ओळ असलेलं. सईने ती सगळी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "आधी तुमची सवय बघू दे. तुम्ही आत्ता वापरता तसलंच एक इथे आहे. त्यावर लावून दाखवा."

तिने भिंतीवरची एक बेस काढून दिली आणि मुद्दाम सगळ्या खुंट्या सैल केल्या. बाळाने पेडल दाबलं, तार छेडली, खुंटी पिळली. अक्षर लुकलुकलं, स्थिर झालं. बाळा पुढच्या तारेला गेला.

"थांबा काका," सई म्हणाली. "आत्ता दिवा कुठला आहे?"

"हिरवा."

केतन हसला. "ए बाळा, मस्करी नको यार, तिचा वेळ चाललाय."

"मस्करी कसली? हिरवा आहे ना."

श्रुतिका वाकून बघायला लागली. तिने डब्याकडे बघितलं, बाळाकडे बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. अक्षर लालभडक होतं.

सई आत गेली आणि दोन छोट्या वायरी घेऊन आली. त्या तिने बाळाच्या दोन्ही तळहातांवर ठेवल्या.

"काका, यातली लाल मला द्या."

बाळाने दोन्हींकडे बघितलं. उलटसुलट केल्या. उजेडात धरल्या. मग म्हणाला, "दोन्ही एकच आहेत की."

सईने अगदी सहज, पावसापाण्याचं बोलावं तसं सांगितलं, "माझ्या मामाचं पण असंच आहे. लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही. जन्मापासूनच असतं आणि पुष्कळ पुरुषांना असतं. काही दुखत नाही, काही वाढत नाही. फक्त हे पेडल तुमच्यासाठी नाही."

बाळा स्टुलावर बसून राहिला. पंचेचाळीस वर्षं तो टोमॅटोला लाल म्हणत होता, कारण टोमॅटो लाल असतो असं शाळेत शिकवलं होतं. पानं हिरवी, कारण पानं हिरवी असतात. सिग्नलला वरचा दिवा लागला की थांबायचं, खालचा लागला की निघायचं. कधी कशाला कोणी विचारलंच नव्हतं. कारखान्यात तर सगळंच काळं! आणि अचानक त्याला हसू फुटलं. आधी खांदे हलायला लागले, मग डोळ्यांतून पाणी. त्याला हसताना बघून श्रुतिका हसली, मग केतन, मग सई.

"म्हणजे पेडल खरंच बोलत होतं!" बाळा डोळे पुसत म्हणाला. "अक्षर स्थिर झालं की मी हिरवं धरत होतो. मलाच त्याची भाषा येत नव्हती."

"आणि मी तुला हळदीत केवढ्या शिव्या घातल्या मनातल्या मनात," केतन म्हणाला. त्याचा चेहरा जरा पडला होता. "सॉरी यार."

"सोड रे. कान तर ठीक आहेत ना माझे? मला तीच काळजी लागलेली. झोप उडालेली माझी."

ही खरी गोष्ट होती. गेले कित्येक दिवस बाळाला मनातून भीती वाटत होती की आपला कान गेला. ती भीती एका वायरीच्या तुकड्याने उडवून लावली होती. त्याला इतकं हलकं वाटलं, की त्याने तिथेच आईला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला. गावच्या कोकमाच्या झाडावरचे रातांबे त्याला आठवले होते, कच्चे हिरवे आणि पिकले की लाल.

"आई, मी लहानपणी रातांबे काढूक जाय, तेव्हा कसले आणी?"

"आता रातांबे खयसून आठावले तुका?" चंपाचा आवाज दुकानभर घुमला. "कच्चे आणीस मेल्या! भर झाडार पिके रातांबे लोंबकळत आसत, आणि तू कच्चे ओरबाडून घेवन येय. माका वाटा, झील आळशी आसा, हाताक गावात ता काढता."

"आळशी नाय गे. माका लाल आणि हिरवा सारख्याच दिसता. आत्ता कळला."

मग चंपा म्हणाली, "मगे तुका त्यावरसून मारलंय ता?"

"ता रवांदे आता."

"येवच्या रविवारी ये घराक. वडे-सागोती करतंय." तिच्या परीने ती भरपाई होती.

मग खरी निवड सुरू झाली. केतनला सगळ्या तारा एकदम दाखवणारं पेडल हवं होतं. "बघ ना, एकदा छेडलं की काम तमाम!"

"तुम्हाला घ्या ते," सई म्हणाली. "काका बेसवाले. चारच तारा, आणि त्यांना हवी आहे ती एकेक तार नीट बसवायची सोय. शिवाय त्याचे दिवेसुद्धा लाल-हिरवेच आहेत."

काट्याचं पेडल बाळाला आवडलं, पण काटा बारीक होता. उभ्याने वाकल्याशिवाय दिसेना आणि वाकलं की गिटारचा पट्टा सरकायचा. छोटं पेडल तर त्याच्या चपलेखाली गडपच झालं. उरलं ते ओबडधोबड. सईने ते जोडून दिलं.

"यात रंग विसरून जा. तार उतरलेली असेल तर दिवे डावीकडे पळतात. चढलेली असेल तर उजवीकडे. बरोबर लागली की थांबतात. पळतायत की थांबलेत, तेवढंच बघायचं."

बाळाने जाड तार छेडली. दिवे मुंग्यांच्या रांगेसारखे डावीकडे धावायला लागले. त्याने खुंटी पिळली. रांग मंदावली, अजून मंदावली, एकदा उजवीकडे घसरली, परत आली आणि थबकली. जाड तारेवर दिवे जरासे थरथरत होते, तेव्हा सईने सांगितलं, "दांडीवरच्या बाराव्या पट्टीवर तार दाबू नका, नुसतं बोट टेकवा आणि छेडा. सूर स्वच्छ येतो." तसं केल्यावर दिवे दगडासारखे उभे राहिले.

बाळाने डोळे मिटून तार पुन्हा छेडली आणि कान दिला. मग डोळे उघडून दिव्यांकडे बघितलं. दोघांचं एकमत होतं.

"हेच," तो म्हणाला. "दिसायला माझ्यासारखंच आहे. पण हेच."

"आणि खरं सांगू का दादा," श्रुतिका केतनला म्हणाली, "स्टेजवर लाल लाईट मारतात ना, तेव्हा तुला पण सगळं लालच दिसत असणार. तू पण हेच घे." केतनने पेडल हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि परत ठेवलं. पण दुकानातून निघताना त्याने सईला कार्ड मागितलं.

घरी दीप्तीला सांगितलं, तेव्हा तिला आधी खरंच वाटेना. मग तिने भाजीची टोपलीच पुढ्यात ओतली. ढोबळी मिरची, टोमॅटो, लाल माठ, पालक. लाल माठ आणि पालक यांच्यात बाळा पार गडबडला. मग ती एकदम कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"म्हणजे माझी ती लाल पैठणी नेसले होते, तेव्हा तुम्ही म्हणालात, हिरवा रंग तुला शोभून दिसतो. मी आठवडाभर रागावले होते, बघतच नाही म्हणून!"

"बघत होतो ना. शोभून दिसतच होती."

"रंग कुठला दिसत होता पण?"

बाळाने विचार केला. "तुला शोभणारा."

दीप्तीने पालकाची जुडी त्याच्या डोक्यात घातली. पण त्या संध्याकाळी ती गाणं गुणगुणत भाजी निवडत होती, आणि मधूनच एखादी वस्तू उचलून विचारत होती, "ही कुठली?"

स्नेहसंमेलनाला हॉल भरून गेला. मंडळाचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले आणि थांबायचं नाव घेईनात. गावची शाळा, गावचा रस्ता, देवळाचा जीर्णोद्धार, सगळं झालं. पडद्यामागे भिंतीशी बाळाने पायाने पेडल दाबलं. स्पीकरमधून चकार आवाज नाही. अध्यक्ष बोलत राहिले आणि बाळा आपल्या तारा लावत राहिला. हॉलच्या एसीने तारा सुरावरून चांगल्याच हलल्या होत्या. दिवे पळायचे, मंदावायचे, थांबायचे. चौथी तार लागली तेव्हा अध्यक्ष अजून देवळाच्या कळसापर्यंतही पोचले नव्हते. बाळाने पुन्हा पहिल्यापासून सगळ्या तारा तपासल्या. वेळच वेळ होता.

मग पडदा सरकला आणि पहिलं गाणं सुरू झालं. श्रुतिकाने मागे वळून बघितलं नाही. दुसऱ्या ओळीलाही नाही. तिसऱ्या ओळीला तिने डोळे मिटले. केतन सरकत सरकत बाळाजवळ आला, कानाशी वाकला आणि नुसता "वा!" म्हणून परत गेला. बाळाची बोटं सैल पडली. सुरांची काळजी संपल्यावर वाजवण्यात किती मजा असते, हे तो जवळजवळ विसरलाच होता. मधल्या गाण्यात त्याने पखवाजातला एक बोल बेसवर असा काही काढला, की ढोलकीवाल्याने तो लगेच उचलला आणि दोघांची जुगलबंदीच लागली. गावच्या मंडळींनी शिट्ट्या मारल्या. दीप्ती दुसऱ्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवत होती.

शेवटच्या गाण्याला श्रुतिकाने सगळ्यांना स्टेजवर बोलावलं. पोरंटोरं, काकवा, मामे, सगळे चढले. त्या गर्दीतून नऊवारी सावरत चंपाही आली आणि थेट मुलाकडे गेली. तिने त्याच्या बोटांकडे बघितलं, तारांकडे बघितलं, पण एवढ्या गलक्यात त्याचा आवाज कुठला ते तिला कळेना.

"तू वाजवतंस ता खय वाजता रे?" तिने ओरडून विचारलं.

बाळाचे दोन्ही हात गुंतलेले. त्याने मानेनेच बाजूच्या मोठ्या स्पीकरकडे खूण केली. चंपाने पुढे होऊन स्पीकरच्या लाकडावर तळहात ठेवला. बाळाने जाड तार छेडली आणि लांबवली. चंपाने दचकून हात काढला, मग पुन्हा ठेवला, मग दुसराही ठेवला, आणि तिचा चेहरा असा काही उजळला, की बाळा एक मात्रा चुकला.

"अरे, ह्या पोटात वाजता!" ती म्हणाली.

तिने बाजूच्या जावेला हाताला धरून ओढलं आणि तिचाही हात स्पीकरवर ठेवला. मग तिसरी बाई आली, चौथी आली. गाणं संपायची वेळ झाली होती, पण स्पीकरभोवती गावच्या बायकांचा घोळका जमलेला बघून केतनने बोट फिरवून खूण केली, आणखी एकदा. बाळाने मान डोलावली आणि पुन्हा पहिल्या सुरावर आला.